स्क्रिप्टिंग भाषांमधला संवाद

पर्ल, पायथन, पीएचपी, रुबी, जावास्क्रिप्ट अशा वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅमनी एकमेकांना डेटा द्यायचा, काम सांगायचं आणि उत्तर परत घ्यायचं, त्याच्या पद्धतींबद्दलची ही नोंद. समजा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) काढायचं सॉफ्टवेअर जुनं, पीएचपीतलं, ते नीट चालतंय म्हणून त्याला कोण हात लावत नाही, आणि मालकाला आता आवक आणि दराचा रोजचा आलेख पाहिजे, जो पायथनमध्ये पटकन होतो. यासाठी जुनं सगळं मोडून परत लिहायची अजिबात गरज नसते.

सगळ्यात जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे पाइप. कल्पना डग मॅकिलरॉय यांची, १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणली. एकाचं आउटपुट ते दुसऱ्याचं इनपुट, एका ओळीत एक नोंद, शेतकरी, रवे, वजन, दर, बस्स. फक्त पायथन टर्मिनलवर ओळीओळीनं छापतं पण पाइपमध्ये लिहिताना बराच मजकूर साठवून मग एकदम सोडतं, त्यामुळं पलीकडचा प्रोग्रॅम वाट बघत बसतो आणि आपल्याला वाटतं हँग झाला. तिथं फ्लश करावं लागतं, म्हणजे साठलेला मजकूर लगेच सोडायला सांगावं लागतं.

नोंदी गुंतागुंतीच्या झाल्या की जेसन (JSON, डेटा साध्या मजकुरात लिहायची ठरलेली पद्धत) वापरतात, ते जवळपास सगळ्या भाषांना वाचता येतं. वेगळ्या मशीनवर बोलायचं तर सॉकेट (दोन प्रोग्रॅममधली नेटवर्कवरची जोडणी) किंवा एचटीटीपी (वेबची नेहमीची पद्धत), आणि त्यावरून दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलवायची एक्सएमएल-आरपीसी ही पद्धत १९९८ पासून आहेच. एका भाषेत दुसरीचा इंटरप्रिटर (त्या भाषेतला प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायची सोयही आहे, पण त्यात आवृत्त्या जुळवताना जीव जातो.

मराठी डेटात खरी अडचण येते ती लांबीची. ‘कोल्हापूर’ची लांबी पायथन ९ सांगतं आणि पीएचपीचं साधं फंक्शन २७, कारण एक अक्षरखूण (काना, मात्रा वेगळ्या धरून) मोजतं, दुसरं बाइट, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीमध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइटची असते. पायथननं निरोपाआधी ‘९’ पाठवलं तर पीएचपी ९ बाइट वाचून ‘कोल’ वर थांबतं, उरलेलं पुढच्या निरोपात घुसतं आणि तिथून पुढं सगळंच बिघडतं. म्हणून लांबी कायम बाइटमध्येच पाठवायची.

शेतकऱ्याचं नाव थेट शेलच्या (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कमांडमध्ये चिकटवायचं नाही, एखादं अवतरणचिन्ह किंवा अर्धविराम आला तर शेल भलतंच काहीतरी चालवेल, नाव इनपुटमधून द्यावं. आणि बोलावलेला प्रोग्रॅम संपला की त्याचा एक्झिट कोड (काम नीट झालं का ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे नीट) बघायचाच. तो शून्य नसेल तर पट्टी छापायची नाही, कारण अर्धवट आकड्यांची पट्टी एकदा शेतकऱ्याच्या हातात गेली की त्याच हिशोबानं पैसेही दिले जातात.