रस, चिपाड आणि एक बाण: पेशीभित्तिकेला साखर कोण पुरवतं?

ठाणे स्टेशनबाहेरच्या रसवंतीत आलं-लिंबू घालून दुमडलेला ऊस पुन्हा चरकातून निघतो. खाली रस पडतो, मागून चिपाड बाहेर येतं. रसात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, चिपाडात मुख्यतः पेशीभित्तिका, म्हणजे पेशींभोवतीच्या भिंती: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन. दोन्ही पानांनी बनवलेल्या एकाच साखरेतून आलेलं. ती साखर भिंतीपर्यंत कशी पोचते, हे दाखवायला आपल्याकडे बी.एस्सी.च्या नोट्समध्ये सर्रास एकच बाण काढतात, सुक्रोज तोडणाऱ्या सुक्रोज सिंथेज या विकराकडून (एन्झाइमकडून) थेट सेल्युलोजकडे. इतक्या खात्रीने तो काढावा अशी परिस्थिती आज नाही.

सेल्युलोज १८३८ मध्येच वेगळं ओळखलं गेलं होतं, पण ते बनतं कशातून याचा माग लागायला १९५० उजाडलं. त्या वर्षी अर्जेंटिनातल्या एका प्रयोगशाळेत यूडीपी-ग्लुकोज (यूडीपी या वाहक रेणूला जोडलेला ग्लुकोज) सापडलं आणि पाच वर्षांत त्याच गटाने गव्हाच्या अंकुरात सुक्रोज सिंथेज दाखवलं. १९६४ मध्ये मुगाच्या रोपांच्या अर्कातून जीडीपी या दुसऱ्या वाहकाला जोडलेल्या ग्लुकोजपासून सेल्युलोज बनल्याचं जाहीर झालं; तो पदार्थ मुख्यतः ग्लुकोमॅनन ही वेगळीच बहुशर्करा असल्याचं पुढे कळलं. यूडीपी-ग्लुकोज घातलं तर बऱ्याचदा कॅलोज ही ग्लुकोजचीच पण वेगळ्या जोडणीची साखळी हाती येई. पेशी फोडली की सेल्युलोज विणणारी यंत्रणाच मोडते, ही खरी अडचण होती.

त्यामुळे १९९५ चा कापसावरचा प्रयोग एवढा गाजला. वाढत्या धाग्यांतलं निदान निम्मं सुक्रोज सिंथेज पेशीपटलाला घट्ट चिकटलेलं आढळलं. कल्पना देखणी होती. हे विकर सुक्रोज तोडतं तेव्हा फ्रुक्टोज सुटतं आणि ग्लुकोज थेट यूडीपीला जोडला जातो. तुटलेल्या बंधातली ऊर्जा वाया जात नाही. सुक्रोज तोडणाऱ्या दुसऱ्या विकराच्या, इन्व्हर्टेजच्या वाटेने गेलं तर ग्लुकोज मोकळा होतो, मग त्याला फॉस्फेट लावायला एटीपी आणि यूडीपी जोडायला यूटीपी हे ऊर्जावाहक रेणू खर्ची पडतात. पटलावर सेल्युलोज विणणाऱ्या सेल्युलोज सिंथेजच्या शेजारीच बसलेला हा पुरवठादार कोणालाही पटावा असाच होता. पुढच्याच वर्षी कापसातच सेल्युलोज सिंथेजची जनुकं सापडली आणि तो बाण पुस्तकांत पक्का झाला.

२००९ मध्ये त्याला मोठा धक्का बसला. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये सुक्रोज सिंथेजची सहा जनुकं आहेत. त्यातली चार बंद केली, तरी झाडं नेहमीसारखी वाढली आणि सेल्युलोजही नेहमीइतकंच भरलं. उलट पेशीद्रवातल्या इन्व्हर्टेजची दोनच जनुकं काढल्यावर रोपं पार खुरटली. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने हरकत घेतली: विकराची क्रिया मोजायची पद्धतच कमी पडली, झाडात उरलेली क्रिया गरजेला पुरेशी आहे. मूळ गटाने लगेच उत्तर दिलं. हरकतीचा हा मुद्दा रास्त होता, कारण मोजमाप चुकलं तर सगळा निष्कर्षच ढासळतो. पण २०२२ मध्ये सहाही जनुकं नसलेली झाडं वाढलेली दाखवली गेली आणि निदान अरॅबिडॉप्सिसपुरता हा आक्षेप टिकला नाही.

मग कापसाचं काय? तिथे हे विकर दाबलं की धागा उगवायलाच अडचण येते, हे २००३ मध्येच दाखवलं गेलं होतं. २०१४ च्या संकरित अ‍ॅस्पेनवरच्या कामात विकर घटवल्यावर फक्त सेल्युलोज नाही, तर हेमिसेल्युलोज आणि लिग्निनही कमी झालं, लाकूड हलकं झालं. म्हणजे त्या लाकडात हे विकर सेल्युलोजचा खास पुरवठादार नसून येणाऱ्या एकूण कार्बनची वेस सांभाळतं, असाच अर्थ निघतो. एका झाडाचा निकाल सरसकट दुसऱ्याला लावायची घाई दोन्ही बाजूंनी केली.

उसात हे वाटप कांड्यागणिक बदलतं. शेंड्याकडच्या वाढत्या कांड्यांत इन्व्हर्टेज जोरात असतं, साखर वाढीत आणि भिंती बांधण्यात जाते, म्हणून ती कांडी अळणी लागतात. खालची पिकली की इन्व्हर्टेज उतरतं आणि सुक्रोज रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये साठतं. नोट्समध्ये निदान दोन बाण हवेत, आणि प्रत्येकापाशी झाडाचं नाव व अवयव लिहिलेला हवा.