शस्त्रक्रियापूर्व सुगंधोपचार

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला वाटणारी चिंता कमी व्हावी म्हणून बाष्पनशील तेलाचा वास देण्याची पूरक पद्धती. मिडाझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या गुंगीच्या औषधाची जागा ती घेत नाही. तेल बहुधा लव्हेंडरचे असते.

सुगंधोपचाराची 'आरोमाथेरपी' ही संज्ञा फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरिस गातफॉसे यांच्या 1937 च्या ग्रंथामुळे रूढ झाली. तिचा वापर त्याआधीही काही वर्षे होत असावा. 1910 च्या सुमारास प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांचा हात भाजला व त्यांनी तो योगायोगाने लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला, अशी कथा सर्वत्र आढळते. त्यांच्या स्वतःच्या लेखनात मात्र जखमांत वायुकोथ (जंतुसंसर्गाने ऊती सडून त्यांत वायू साठणे, गॅस गँगरीन) झाल्यावर त्या या तेलाने धुतल्याचा उल्लेख आहे, आणि तोच ग्राह्य धरणे बरे. म्हणजे मूळ प्रश्न जखम चिघळण्याचा होता. भीतीशी त्याचा संबंध नव्हता.

तेलात लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट हे प्रमुख घटक असतात. जपानी संशोधकांच्या 2018 मधील प्रयोगात लिनॅलूलच्या वासाने उंदरांची चिंता कमी झाली. वासाची संवेदना नष्ट केलेल्या किंवा फ्लुमाझेनिल (मिडाझोलामसारख्या औषधांचा परिणाम रोखणारे औषध) दिलेल्या उंदरांत तसे घडले नाही. यावरून परिणामाचा मार्ग नाकातून जात असावा.

वास आधी हुंगवून रुग्णाला तो आवडतो का, हे पाहतात. दमा व सुगंधाची ॲलर्जी असल्याचेही विचारून घेतात. गॉजच्या घडीवर 2 थेंब (सुमारे 0.1 मिली) टाकून ती त्वचेला लागणार नाही अशी गाऊनच्या गळ्याशी अडकवतात. 10 ते 20 मिनिटांनी ती काढून झाकणाच्या डब्यात टाकतात. दोन-चार मिनिटांत नाक वासाला सरावते. 'वास गेला' असे रुग्ण म्हणाला तरी थेंब वाढवू नयेत, कारण उपाशीपोटी उग्र वासाने मळमळते व डोके दुखते. तेल ज्वलनशील असल्याने ऑक्सिजनच्या मास्कवर किंवा नळीवर ते टाकणे धोक्याचे. उघड्या बाटलीत लिनॅलूलचे ऑक्सिडीकरण होऊन त्वचेला ॲलर्जी आणणारी हायड्रोपेरॉक्साइडे बनतात. म्हणून गडद काचेची लहान बाटली घ्यावी. स्पाइक लव्हेंडर या लव्हेंडरच्या वेगळ्या जातीच्या तेलात कापूर बराच असतो, तो येथे नको. 'लव्हेंडर' नावाने विकले जाणारे पुष्कळसे द्रव तर नुसते कृत्रिम सुगंध असतात.

चिंतेचे मापन बहुधा मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांच्या 20 प्रश्नांच्या मापनीने करतात (गुण 20 ते 80). बहुतेक आढाव्यांत गुण घटलेले दिसतात. पण चाचण्या लहान आहेत आणि तुलनेसाठी दिलेले बिनवासाचे तेल रुग्ण लगेच ओळखतो.