नेम्ड पाइप अर्थात फिफो

युनिक्स वळणाच्या प्रणालींत, एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोन चालू प्रोग्रामांना डेटा पोचवता यावा म्हणून केलेली एकमार्गी वाट. तिला फाइलसारखे नाव आणि पत्ता असतो. आधी आत गेलेला बाइट आधी बाहेर पडतो (फर्स्ट इन, फर्स्ट आउट), म्हणून ती फिफो. सी भाषेत ती एमकेफिफो या फंक्शनने तयार होते.

हिला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न बडोद्यात तरी गौण मानता येत नाही. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी इथे कलाभवन काढले, ते तंत्रशिक्षण देशी भाषेतून द्यावे या धोरणाने. पुढे १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांना आठ भाषांतले पर्याय देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. त्या शिस्तीने पाहिले तर ‘नामांकित पाइप’ चालणार नाही. नामांकित वकील असतो, गवई असतो. ‘नामधारी’ मात्र अनपेक्षितपणे चपखल बसतो. फिफोचे डिस्कवर असते ते फक्त नाव. मजकूर कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतीतून सरकतो, आणि फाइलींच्या यादीत तिचा आकार शून्यच दिसतो. यादीतल्या ओळीच्या सुरुवातीचे ‘पी’ हे अक्षर तिची ओळख.

बागेतल्या रबरी नळ्या जोडाव्या तसे प्रोग्राम जोडता यावेत, ही कल्पना बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली. १९७३ मध्ये युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणली. ती निनावी होती. एका प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, ती उघडायची आणि आपल्या अपत्यांना, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेसना, वारशाने द्यायची, एवढीच तिची पोच. परक्यांसाठी नाव लागले, आणि ते युनिक्सच्या सिस्टिम थ्री या आवृत्तीत मिळाले.

उदाहरण घेऊ. समजा, दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाने वर्गणीसाठी तीन खिडक्या मांडल्या आहेत. प्रत्येक खिडकीचा प्रोग्राम पावतीची ओळ ‘पावती’ नावाच्या फिफोत टाकतो आणि चौथा, हिशेबाचा प्रोग्राम ती वाचून बेरीज करतो. एमकेफिफोला दोन गोष्टी सांगायच्या: पत्ता आणि परवानगी. काम झाले तर शून्य परत येते, नाहीतर उणे एक. परवानगी ०६६६ (सगळ्यांना वाचन-लेखन) मागितली तरी यूमास्क, म्हणजे परवानगीतून काय वगळायचे ते सांगणारा आकडा, ०२२ असेल तर हाती ०६४४ (लेखन फक्त मालकाला) लागते. मग दुसऱ्या यूजरच्या नावाने चालणाऱ्या खिडकीला लिहायला मज्जाव होतो, आणि दोष मात्र भलतीकडे शोधला जातो.

खरी ठेच पुढे लागते. हिशेबाचा प्रोग्राम वाचण्यासाठी ओपन या फंक्शनने फिफो उघडायला जातो आणि तिथेच थांबतो. तो अडकलेला नसतो. कोणीतरी दुसरे टोक लिहिण्यासाठी उघडेपर्यंत वाट पाहणे हेच ओपनचे काम आहे, आणि लिहिणाराही असाच वाचणाऱ्यासाठी खोळंबतो. नवशिके याला बिघाड समजतात. वस्तुतः दोन्ही पक्ष हजर असल्याची ही फुकटात मिळालेली खात्री आहे. थांबायचे नसेल तर ओपनला ओ-नॉनब्लॉक हा पर्याय द्यावा. मग वाचणाऱ्याला लगेच प्रवेश मिळतो, पण वाचणारा नसताना आलेल्या लिहिणाऱ्याला ईएनएक्सआयओ ही चूक मिळते. दुतर्फा संवादासाठी दोन फिफो लागतात. दोन प्रोग्रामांनी त्या उलटसुलट क्रमाने उघडल्या तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे बसतात.

तीन खिडक्यांच्या ओळी एकमेकींत मिसळत का नाहीत? पाइप-बफ या मर्यादेपर्यंतचे एका वेळचे लिखाण अखंड जाईल अशी हमी असते. युनिक्स वळणाच्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार ही मर्यादा किमान ५१२ बाइट, लिनक्सवर ४०९६. पावतीला ते भरपूर आहे. मर्यादा ओलांडली की सरमिसळ होऊ शकते. पाइपची एकूण क्षमता वेगळी: लिनक्सवर सहसा ६५,५३६ बाइट. ती भरली की लिहिणारा थांबतो. वाचणारे दोन ठेवले तर प्रत्येकाला प्रत मिळत नाही. एक बाइट एकाच्याच वाट्याला येतो.

शेवटच्या खिडकीने आपले टोक बंद केले की वाचणारे रीड हे फंक्शन शून्य देते आणि हिशेबाला वाटते, दिवस संपला. जेवणाच्या सुट्टीत असे होऊ नये म्हणून जाणते लोक वाचणाऱ्याकडूनच लिहिण्याचे एक टोकही उघडून ठेवतात. उलट हिशेबाचा प्रोग्राम पूर्ण बंद पडला, तर खिडकीला पुढच्या लिखाणावर सिगपाइप संकेत येतो आणि काही तजवीज नसेल तर ती गुपचूप मरते. संकेत दुर्लक्षित केला तर लिहिणारे राइट हे फंक्शन ईपाइप ही चूक कळवते. ती तपासणे सोपे.

नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये फिफो केली तर नाव दुसऱ्या यंत्रावरही दिसते, डेटा मात्र पलीकडे जात नाही. विंडोजमध्येही याच नावाची सोय आहे, पण तिची फंक्शने आणि वागणूक निराळी. ती दुतर्फाही चालते.

प्रोग्राम संपले तरी नाव आपोआप पुसले जात नाही. दुसऱ्या दिवशी एमकेफिफो ईईएक्झिस्ट (नाव आधीच आहे) म्हणून नकार देते, तेव्हा तेवढा नकार माफ करावा किंवा आदल्या रात्री अनलिंक या फंक्शनने नाव काढून टाकावे. अनलिंकने फक्त नाव जाते. ज्यांच्याकडे टोके उघडी आहेत त्यांची देवघेव चालूच राहते.