न्यूपोर्टचे उन्हाळी प्रासाद

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या बंदराच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या धनाढ्य कुटुंबांनी बांधलेली निवासस्थाने. मालक त्यांना ‘कॉटेज’ म्हणत. प्रत्यक्षात ते राजवाडेच होते आणि वर्षातले काही आठवडेच वापरात असत. अमेरिकी समाजातील ऐश्वर्याची हौस आणि तिच्यामागची चढाओढ इतकी उघडपणे क्वचितच दुसरीकडे दिसते.

अठराव्या शतकात न्यूपोर्ट हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. पुढे दक्षिणेकडचे मळेवाले उकाडा चुकवायला येथे येऊ लागले. किंग्जकोट हे लाकडी घर जॉर्जियातील अशाच एका मळेवाल्याचे. यादवी युद्धानंतर त्यांची सद्दी संपली आणि रेल्वे, कोळसा, पोलाद यांतून गबर झालेली घराणी न्यूपोर्टच्या बेलव्ह्यू अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर आली. कायमस्वरूपी संघीय प्राप्तिकर १९१३ नंतरचा. तोवर नफा जवळपास अखंड हाती राहत असे.

पैसा असला तरी मान मिळतोच असे नव्हते. व्हँडरबिल्ट घराण्याकडे रेल्वेची अफाट संपत्ती होती, पण न्यूयॉर्कच्या जुन्या प्रतिष्ठितांच्या लेखी ते नवश्रीमंत. ही अढी मोडण्याचा विडा विल्यम व्हँडरबिल्टची पत्नी अल्वा हिने उचलला. वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट याने तिच्यासाठी बांधलेले मार्बल हाउस १८९२ मध्ये पूर्ण झाले. खर्च सुमारे १.१ कोटी डॉलर. त्यांतले ७० लाख निव्वळ संगमरवरावर गेले. त्याच उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे वेतनकपातीविरुद्ध लढणाऱ्या पोलाद कामगारांवर गोळ्या चालल्या, हे या वैभवाची मोजदाद करताना विसरता येत नाही.

अल्वाच्या दिराने, कॉर्नेलियसने, मार्बल हाउसवर कडी केली. त्याचे ७० खोल्यांचे ‘द ब्रेकर्स’ १८९५ मध्ये तयार झाले. आधीचे घर जळाल्यामुळे येथे लाकडी सांगाडा टाळून दगड आणि पोलाद वापरले. न्हाणीघरांत गोड्या पाण्याबरोबर समुद्राचे पाणीही नळाने येई. मालकाला मात्र हे सुख फार लाभले नाही. १८९६ मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि १८९९ मध्ये तो वारला.

त्याच १८९९ साली अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने ‘दिखाऊ उपभोग’ ही संकल्पना मांडली: खर्चाचा हेतू गरज भागवणे नसून आपला दर्जा इतरांना दाखवणे हा असतो. अल्वाच्या घरात या दिखाव्याची सर्वांत जड किंमत तिच्या मुलीने मोजली. कॉन्स्युएलोला १८९५ मध्ये, मनाविरुद्ध, मार्लबरोचा ड्यूक या इंग्रज उमरावाशी लग्न करावे लागले. वराकडे २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर गेले. आपल्याकडे याला सरळ हुंडा म्हणतात. पुढे हा विवाह रद्दबातल ठरवण्यासाठीच्या कार्यवाहीत, आपणच मुलीवर सक्ती केली, अशी साक्ष खुद्द अल्वाने दिली. याच अल्वाने नंतर मार्बल हाउस स्त्रियांच्या मताधिकाराच्या सभांसाठी खुले केले, ही त्या वास्तूच्या इतिहासातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणावी लागेल.

वाढते कर, नोकरांची टंचाई आणि १९२९ नंतरची मंदी यांमुळे हे प्रासाद पोसणे वारसांना जड गेले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या न्यूपोर्ट परगण्याच्या जतन संस्थेने १९४८ मध्ये ‘द ब्रेकर्स’ वर्षाला १ डॉलर भाड्याने घेतले आणि १९७२ मध्ये विकत घेतले. मार्बल हाउसही याच संस्थेकडे असून दोन्ही तिकीट काढून पाहता येतात. ओकर कोर्ट या प्रासादात आता सॅल्व्ह रेजिना विद्यापीठाची कार्यालये आहेत.