सांगलीत थर्टी फर्स्टची पार्टी भरवायचीय? कोणती परवानगी कुणाकडे, कागद कोणते

डिसेंबर लागला की विश्रामबागपासून कोल्हापूर रोडपर्यंत लॉन आणि हॉटेलांवर 'डीजे नाइट'चे फ्लेक्स चढतात. तिकिटं छापून होतात, डीजेला ॲडव्हान्स जातो आणि परवानगीची आठवण येते ती २८ तारखेला. तेव्हा कुणाच्याही ओळखीचा उपयोग होत नाही, कारण एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या कागदावर अडकलेला असतो. किमान पंधरा-वीस दिवस हातात ठेवा.

आधी एक गैरसमज. 'सरकारने पहाटे पाचपर्यंत परवानगी दिलीय' असं दर वर्षी ऐकू येतं. ती वेळ दारूची असते, गाण्याची नव्हे. एरवी पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालते. सांगली-साताऱ्याला आयुक्तालय नाही, म्हणून इथे साडेअकराला शटर खाली. नाताळ आणि ३१ डिसेंबरसाठी गृह विभाग आदेश काढून ही वेळ वाढवतो, अलीकडे पहाटे पाचपर्यंत. जिल्हाधिकारी त्यात कपात करू शकतात, तेव्हा त्या वर्षीचा आदेश हातात आल्याशिवाय फ्लेक्सवर वेळ छापू नका. १ ऑक्टोबर २०२५ च्या चोवीस तास दुकानं उघडी ठेवण्याच्या आदेशाचा दाखलाही कुणी कुणी देतं. त्यातून दारू विकणाऱ्या आस्थापना वगळलेल्या आहेत.

गाण्याचं घड्याळ वेगळं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत १२ वाजेपर्यंत वाढवता येते. कोणते दिवस, याची यादी जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. ३१ डिसेंबर बहुतेक त्यात असतो, तरी यादी डोळ्यांनी पाहा. म्हणजे लॉनवर कार्यक्रम असेल तर बाराच्या ठोक्याला डीजे बंद, मग बार पाचपर्यंत का चालू असेना. बंदिस्त हॉलला रात्रीच्या बंदीतून सूट आहे, पण आवाज हॉलबाहेर जाता कामा नये. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल; व्यापारी भागात ६५ आणि ५५. मिरजेत जागा बघत असाल तर जास्त जपून, कारण दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात आणि मिरजेत पावलोपावली दवाखाने. माझं मत विचाराल तर सांगलीत या रात्रीसाठी लॉनपेक्षा बंद हॉल बरा.

आता दारूचं. हॉटेलकडे परमिट रूमचा परवाना, म्हणजे एफएल-३, आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. परवाना हॉटेलच्या नावावर असला तरी तो चालतो मंजूर नकाशात दाखवलेल्या जागेपुरताच. त्या नकाशाची प्रत मालकाकडून मागून घ्या. बार आत आणि पार्टी मागच्या हिरवळीवर असेल, तर ग्लास दाराबाहेर गेला की परवान्याचा भंग. हिरवळीवर द्यायचीच असेल किंवा जागेला परवानाच नसेल, तर एक दिवसाचा तात्पुरता परवाना लागतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात छाननी होते. शुल्क दर वर्षीच्या दरपत्रकाप्रमाणे, ते संकेतस्थळावर बघूनच भरा. परवाना मिळाल्यावर माल परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि पावत्या जपून ठेवायच्या. फार्महाउसवर 'आपल्या आपल्यात' म्हणून तिकीट लावून दारू देणं हा सरळ गुन्हा आहे.

पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० चा, आजीवन १००० चा. वयाची अट बीअर आणि वाइनला २१, बाकी मद्याला २५ वर्षं. कॉलेजची पोरं नेमकी इथे अडकतात आणि पंचाईत होते आयोजकाची.

पोलिसांकडचा अर्ज जागा ज्या ठाण्याच्या हद्दीत येते तिथे द्यायचा. त्यात कार्यक्रमाची तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसं, तिकिटाचा दर, कलाकारांची नावं, पार्किंगची सोय आणि साउंडवाल्याचा तपशील असावा. सोबत आयोजकाचं आधार आणि पॅन, जागामालकाचं संमतीपत्र किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा. त्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश चालू आहे का, तेही ठाण्यातच विचारून घ्या. मंडप किंवा स्टेज असेल तर सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची परवानगी आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला जोडायचा. महापालिका हद्दीबाहेर ग्रामपंचायत. जनरेटर आणि लायटिंगचा सुरक्षितता दाखला मागतील असं धरून चाला. केटररचा अन्न परवाना त्याच्याकडून घ्या, मुदत संपलेली नाही ना ते बघून.

हॉटेलात स्टेजवर नर्तिका आणायचा बेत असेल तर प्रकरण वेगळं. तासगावचे आर. आर. पाटील, आपले आबा, गृहमंत्री असताना २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. कोर्टात ती टिकली नाही, मग २०१६ चा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही जाचक अटी काढल्या, पण संध्याकाळी ६ ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळायला मनाई कायम ठेवली. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. डीजे नाइटच्या कागदांवर हे भागत नाही.

गाण्यांच्या हक्कांचंही राहून जातं. लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तिकिटाच्या पार्टीला नाही. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेकडे ऑनलाइन अर्ज होतो, ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या कंपनीकडे तिचा परवाना वेगळा. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, वर गेलं की १८ टक्के. तुम्ही नोंदणीच्या मर्यादेत येता का, ते सीएला विचारूनच दर ठरवा.

त्या रात्री सगळ्या परवानग्यांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये घालून गेटवरच्या जबाबदार माणसाकडे द्या, झेरॉक्स मॅनेजरकडे. वयाचा पुरावा गेटवरच बघायचा आणि दोन रंगांचे मनगटी पट्टे ठेवायचे: एक पंचवीसच्या वरच्यांना, एक २१ ते २५ वाल्यांना. बारवरच्या पोराने तोंडाकडे न बघता पट्ट्याकडे बघून ओतायचं.