‘दाउ’ म्हणजे ‘आपण’ नव्हे

जुन्या इंग्रजी साहित्यातला ‘दाउ’ (thou) आदरार्थी आहे, हा समज चुकीचा. १६११ च्या बायबलमध्ये देवालाही ‘दाउ’ म्हटलंय, त्यावरून तो पसरला. पण आपणही विठोबाला ‘तू’च म्हणतो! ‘दाउ’ म्हणजे सरळ एकेरी ‘तू’. मान द्यायचा तर ‘यू’. १६०३ साली इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला मुद्दाम ‘दाउ’ म्हणून हिणवलं होतं. त्या काळचं नाटक वाचताना पात्र ‘यू’वरून ‘दाउ’वर कुठे येतं ते जरूर पाहा. तिथे बहुधा जवळीक असते, नाहीतर अपमान.

या जुन्या भाषेची नक्कल करणारे क्रियापदात हमखास चुकतात. ‘दाउ’बरोबर ‘हॅव’चं रूप ‘हॅस्ट’ (hast) येतं. ‘हॅथ’ (hath) तृतीयपुरुषी आहे. ‘तुला’ म्हणायचं असेल तर ‘दी’ (thee).