दिवाणखाना आणि यान : दोन मालिकांचं एकच बिऱ्हाड

नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर मालिकांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकीकडे ‘फ्रेंड्स’ आणि ‘साराभाई’ तोंडपाठ असलेले, दुसरीकडे ‘स्टार ट्रेक’ आणि ‘डॉक्टर हू’वाले. हे त्यांना रुक्ष म्हणतात, ते यांना उथळ. मी दोन्हीकडे बसतो, म्हणून दोन्हीकडची बोलणी खातो. पण जुना हिशेब काढला तर हे भांडण भाऊबंदकीतलं निघतं. सिटकॉम, म्हणजे ठरलेल्या पात्रांची विनोदी मालिका, आणि विज्ञानमालिका एकाच घरात वाढल्या, आणि आपल्याकडे दोघींचा घात झाला तोही एकाच कारणाने.

अमेरिकेत १५ ऑक्टोबर १९५१ला सीबीएस वाहिनीवर ‘आय लव्ह लुसी’ ही सिटकॉम सुरू झाली. तिचे निर्माते-नट देसी अर्नाझ आणि कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड यांनी तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवले. समोर खरे प्रेक्षक बसलेले आणि दिवाणखान्याची चौथी भिंत उघडी. आजही कित्येक सिटकॉमचा सोफा प्रेक्षकांकडे तोंड करून असतो, त्याचं मूळ या मांडणीत आहे. फिल्मवर घेतल्यामुळे भाग टिकले, पुन्हा पुन्हा दाखवता आले, विकता आले. त्या कमाईवर ‘देसिलू’ ही अर्नाझ आणि त्यांची बायको ल्युसील बॉल, म्हणजे पडद्यावरची लुसी, यांची स्टुडिओ कंपनी मोठी झाली. १९६२मध्ये ती ल्युसील बॉलच्या एकटीच्या हाती आली, आणि ‘स्टार ट्रेक’ याच कंपनीने काढली. पहिला नमुना भाग एनबीसी वाहिनीने ‘फार डोक्याचा’ म्हणून परत पाठवला. दुसरा करायची संधी मिळाली आणि ८ सप्टेंबर १९६६ला मालिका पडद्यावर आली. म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकचे टोकदार कान लुसीच्या विनोदाच्या पैशातून आले. कट्ट्यावर हे सांगितलं की दोन्ही तट थोडा वेळ गप्प बसतात.

पैसे तरीही कमीच होते. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवणं परवडेना, म्हणून माणसांना झगमगत्या किरणांतून थेट खाली पाठवायची युक्ती निघाली. तोच तो प्रसिद्ध ट्रान्सपोर्टर. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ची, आणि तिचे सुरुवातीचे भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौत जन्मलेले. यातलं कालयान खरं तर जागेप्रमाणे रूप बदलणारं. पण दर गोष्टीला नवं यान कुठून बांधणार? मग ते बिघडून पोलिसांच्या निळ्या खोक्याच्या रूपातच अडकलं. १९६६मध्ये नायकाचं काम करणारे विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तर नायकाने चेहराच बदलला. नट बदलूनही पात्र चालू ठेवायची ही सोय मालिकेला पुढे कित्येक वर्षं पुरली. यातलं बहुतेक सगळं अडचणीतून सुचलेलं आहे आणि माझ्या मते म्हणूनच चांगलं आहे.

रचनाही बघा. सिटकॉममध्ये एक दिवाणखाना, विज्ञानमालिकेत यानाचा एक कक्ष. दोन्हीकडे पाच-सहा माणसं, एकमेकांना वैतागलेली, पण निघून जाता न येणारी. आठवड्याला एक भानगड यायची, ती त्याच भागात निस्तरायची आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. (ध्वनिमुद्रित हास्याला मात्र मी माफी देत नाही. १९५०च्या दशकात चार्ली डग्लस या तंत्रज्ञाने त्यासाठी यंत्रच बनवलं, आणि तेव्हापासून आपण कुठे हसायचं ते दुसरेच ठरवतात.)

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२चं. त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. मराठी सिटकॉमची पायाभरणी अशी थेट विनोदी वाङ्मयातून झाली. १९८४मध्ये हिंदीत ‘ये जो है जिंदगी’ आली. लेखन शरद जोशी यांचं, आणि सतीश शहा जवळजवळ प्रत्येक भागात नव्या अवतारात. त्याच सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन कर्कही भेटायचा. १९८९मध्ये मुलांसाठी ‘इंद्रधनुष’ आली. तिच्यात पोरं संगणक जोडतात आणि त्यातून कालप्रवासापर्यंत पोचतात. तिचे दिग्दर्शक आनंद महेंद्रू. चार वर्षांनी ‘देख भाई देख’मधलं ते गोंधळी एकत्र कुटुंब उभं करणारेही तेच. देसिलूची गोष्ट आपल्याकडे एका माणसात घडली.

दोन्ही जाती एकाच भांड्यात शिजल्या त्या ‘स्मॉल वंडर’मध्ये. मूळ मालिका १९८५ ते १९८९ची. नाशकात घरोघरी पोचली ती नव्वदच्या दशकात, केबलवर, हिंदी बोलत. विकी यंत्रमानव आहे, तिच्या पाठीत झाकण आहे आणि ते उघडलं की आत वायरी. लाल-पांढरा फ्रॉक, सपाट आवाज, झोपायची जागा म्हणजे घरातल्या मुलाच्या, जेमीच्या, खोलीतलं कपाट. आणि शेजारची नको तितकी चौकस हॅरिएट, जी आपल्या प्रत्येक सोसायटीत असतेच. इफेक्ट बघाल तर विकी एका हाताने सोफा उचलते, एवढाच. आज बघताना पटकथा फिकी वाटते, पण घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र पाहिलेली ही विज्ञानमालिका होती आणि ती विज्ञानमालिका आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मराठीत पुढे का काही झालं नाही? ‘बजेट नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. वरचा सगळा इतिहासच तुटपुंज्या बजेटचा आहे. शिवाय पडद्यावरच्या चमत्कारांसाठी पैशाची रास लागते, असं निदान नाशिककरांनी तरी म्हणू नये. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळक्यांनी हातच्या युक्त्यांवर लंका जाळून दाखवली आणि ‘पिठाचे पंजे’सारखा छोटा विनोदी पटही काढला.

माझ्या मते घात केला रोजच्या मालिकेने. दूरदर्शनच्या काळात तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची, आठवड्याला एक भाग, आणि लेखकाला गोष्ट संपवावी लागायची. २०००नंतर वाहिन्यांना रोज रात्री तोच प्रेक्षक हवा झाला. गोष्ट संपली तर उद्या कोण येणार? सिटकॉमला आणि विज्ञानकथेला मात्र शेवट लागतोच. विनोदाला फटका हवा, कल्पनेला निष्कर्ष. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ ते २००५ इतकी छान चालली, कारण ती रोजच्या रहाटगाडग्याबाहेर राहिली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर बेतलेली असल्यामुळे तिला भागागणिक गोष्ट होती. पुढे विनोद प्रहसनांच्या कार्यक्रमांत गेला. हसू येतं तिथेही, पण पात्रं आपल्याबरोबर म्हातारी होत नाहीत. विज्ञानकथेला तर तेवढाही आसरा मिळाला नाही.

साहित्य नव्हतं म्हणावं, तर घरगुती विनोदासाठी नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ होतं. विज्ञानकथेत जयंत नारळीकर होते. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. डिसेंबर २०२१मध्ये नाशिकच्या आडगावला भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. विज्ञानकथाकाराला मराठीने एवढा मोठा मान दिला, पण छोट्या पडद्यावर तासाभराची साप्ताहिक जागा काही दिली नाही.

त्यांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. (टिपरेही गंगाधर, हेही गंगाधर, आपल्या दोन्ही जातींना एकच नाव मिळालं हा योगायोग मला फार आवडतो.) पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चुकते, इतिहास बदलतो आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या बदललेल्या मुंबईत जाऊन पडतात. चित्रीकरणाला आगगाडीचा एक डबा लागेल, एक जुनं ग्रंथालय आणि सभेचं मैदान. डबा नाशिकरोडला मिळेल, ग्रंथालय म्हणून १८४०पासून चालत आलेलं आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. मैदानावरच्या सभेत पंत थेट व्यासपीठावर चढून भाषण ठोकू लागतात आणि लोक त्यांना खाली ओढायला धावतात, तो प्रसंग तर निव्वळ सिटकॉमचा आहे.